हेमकांतभाऊंचा कान

कोरीटच्या हेमकांत गिरधर पाटलांबद्दल लिहिण्याचा अधिकार खरं तर मला नाही. पण हा माणूस काय ताकदीचा होता हे सांगू शकेल असं नंदुरबारात दुसरं कुणी दिसत नाही, आणि दिसत नाही याला कारणही मीच आहे. तेव्हा लिहितो. आधी त्यांचं सांगतो, मग माझं. माझं आलं की वाचणाऱ्यांनी मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात, मी स्वतःला देऊन दमलो आहे.

नंदुरबारात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुढे पंखे, मोटारी, वायरीची बंडलं आणि मागच्या फळीवर स्पीकरचं सुटं सामान. ही मागची फळी म्हणजे माझ्या वडिलांची, जेठमलशेठची हौस. त्या फळीला गिऱ्हाइकं मोजून चार, आणि त्यातले पहिले हेमकांतभाऊ. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर यायचे. डोक्याला रुमाल, पॅन्ट गुडघ्याखाली चिखलाने भरलेली, खिशात चष्मा. घरी कापूस आणि थोडी पपई. काउंटरवर हात ठेवून विचारायचे, "शेठ, अठरा गेजनी तार उनी का?" तार आली असली की तिचं टोक नखाने खरवडून बघायचे, आतलं तांबं लाल दिसलं की मान हलवायचे आणि मग चहा घ्यायचे. वडील त्यांना गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसवायचे. ती खुर्ची आमच्या जावयालासुद्धा मिळत नाही.

ही तार ते कशाला नेत, ते सांगायला हवं. स्पीकरच्या पेटीला दोन तोंडं असतात. मोठं तोंड वूफर, ते ढोल आणि भरडा आवाज काढतं. छोटं तोंड ट्वीटर, ते झांज, घुंगरू असला बारीक आवाज काढतं. दोघांना सगळाच आवाज सरसकट दिला तर मोठं तोंड घोळ घालतं आणि छोटं जळून जातं. म्हणून पेटीच्या पोटात एक वाटणी करणारी पाटी बसवतात. तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या आणि कंडेन्सर, बस. जाडा आवाज इकडे, बारीक तिकडे. हिला क्रॉसओव्हर म्हणतात. बाजारात तयार मिळते आणि बहुतेक सगळे तयारच लावतात. हेमकांतभाऊ प्रत्येक पेटीसाठी वेगळी बनवत, आणि ती बनवण्यात एकेक महिना घालवत.

कुठे शिकले? कुठेच नाही. दहावी झालेले. नवापूरला बंद पडलेल्या तंबू-थेटरातून त्यांनी तरुणपणी एक मोडका स्पीकर उचलून आणला होता, तो उघडून त्याच्या पोटातली पाटी पाहिली आणि तेव्हापासून नाद लागला. सूत्रबित्र काही नाही. हवेत त्यापेक्षा चाळीस वेढे जास्त गुंडाळायचे आणि मग एकेक वेढा सोडत ऐकत बसायचं. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या झाल्या तर एक उभी, एक आडवी. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "एक तोंडं बठाडं का भांडतस. देराणी-जेठाणीनागत." मी हसलो होतो. ते बरोबर होतं, एका दिशेच्या गुंडाळ्या जावा-जावांसारख्या एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करतात.

ऐकायला त्यांनी गाणी कधी वापरली नाहीत. त्यांची आई दगूबाई हीच त्यांची फूटपट्टी. म्हातारीला मोबाईलसमोर बस म्हटलं की तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं, म्हणून भाऊ मोबाईलचं रेकॉर्डिंग ओसरीवर चालू ठेवून निघून जायचे. पाच मिनिटांत ती कुणावर तरी करवादलीच म्हणून समजा. "सीमा, पारडू सुटी गयं ना व! तू काय करी ऱ्हायनी तठे?" सीमा म्हणजे भाऊंची बायको. तेच बोलणं मग नव्या पेटीतून वाजवायचं आणि म्हातारीलाच ऐकवायचं. दगूबाई पदराने तोंड पुसून निवाडा द्यायची, "हाई मी नही. हाई कोनी आजारी बाई शे." भाऊ दोन वेढे सोडायचे. परत. "नही." आणखी एक वेढा. आणि मग कधीतरी, "हां. आते मी शे." झालं, तेवढ्या वेढ्यांवर गाठ पडायची.

पहिली पेटी लोकांना द्यायच्या आधी असंच एकदा घाईत ट्वीटरच्या दोन तारा उलट्या लागल्या. लाल काळ्याला आणि काळी लालला. आणि म्हातारी चुलीपासून उठून बाहेर आली, कारण तिला वाटलं आपल्यालाच कुणी चिडवतंय. इतका आवाज सारखा! भाऊंनी तारा सरळ केल्या तर म्हातारीचा आवाज गेला. उलट्या केल्या तर आला. मग त्यांनी उलट्याच ठेवल्या, त्या पेटीत आणि पुढच्या प्रत्येक पेटीत. कारण माहीत नव्हतं. कानाने सांगितलं, हाताने केलं.

आता माझं.

मी मयंक, जळगावहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आलो आणि दुकानात बसलो. आमच्या घरात पहिला शिकलेला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्या वर्षांतला मी. गिऱ्हाइकाने बल्ब मागितला तरी मी त्याला व्होल्टेज समजावून सांगायचो. हेमकांतभाऊंवर माझा राग होता असं नाही. राग खुर्चीवर होता. शिकलेला मी उभा, आणि वडील या चिखलाच्या पायाच्या माणसाला बसवून विचारतात, "हेमकांत, ह्या कंडेन्सरमा दम शे का?" ते मला झोंबायचं. हे मी तेव्हा कुणाला कबूल केलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या समाजाचं नवं भवन बांधून झालं. वडील विश्वस्त. त्यांनी कोरीटला जाऊन भाऊंच्या पेट्या ऐकल्या होत्या आणि भवनासाठी तशा चार पेट्या बनवायला सांगितल्या होत्या. खजिनदारांना सुरतेहून कंपनीचा माल आणायचा होता. ते बैठकीत म्हणाले, घरगुती पेट्या समाजाच्या भवनात शोभतात का? वडिलांनी आपला शब्द टाकला. भाऊंना हे सगळं माहीत होतं. या चार पेट्या चांगल्या वाजल्या तर तालुक्यातल्या शाळा, देवळं, मंगल कार्यालयं त्यांच्याकडे येणार होती. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या नादाला काम म्हणत होतं. चार महिने खपले ते त्या पेट्यांवर.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पेट्या भवनात लागल्या. भाऊ पांढरा शर्ट घालून आले होते, घडीच्या रेघा तशाच. पन्नासेक माणसं खुर्च्या मांडत, हार बांधत इकडेतिकडे होती. पेट्या अजून वाजवल्या नव्हत्या. तेवढ्यात खजिनदार मला म्हणाले, "मयंक, तू डिप्लोमावाला ना? उघडून बघ तरी, आत काय भरलंय." उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, मी तर हातही उचलले. स्क्रू काढले, आत पाहिलं आणि पहिलं काय दिसलं तर ट्वीटरची लाल तार काळ्या टोकाला.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी मोठ्याने म्हणालो, "हेमकांतभाऊ, हे काय? प्लस मायनसला लावलंय!"

ते पुढे आले. म्हणाले, "शेठ, ती तशीच ऱ्हाऊ द्या. तशीच लायेल शे मी."

"का?"

त्यांनी मान खाजवली. पन्नास माणसं बघत होती. "आयकाले बरं लागस," ते म्हणाले.

"बरं वाटतं म्हणून प्लस मायनसला लावायचं? उद्या बरं वाटतं म्हणून पंख्याला गॅसची नळी लावाल!"

लोक हसले. खजिनदार सगळ्यांत जास्त. वडील माझ्याजवळ येऊन घरच्या मारवाडीत हळूच म्हणाले, आधी एकदा ऐकून तर घे. मी ऐकलं नाही, ना पेटी ना वडिलांचं. म्हटलं, यात ऐकायचं काय, चौथीतलं पोरसुद्धा लालला लाल लावतं. पुन्हा लोक हसले. हेमकांतभाऊ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "बरं, शेठ," म्हणाले, "तुम्हीन शिकेल शेतस." आणि चारही पेट्यांच्या तारा मी सरळ करत होतो तेव्हा माझ्यासाठी त्यांनीच बॅटरी धरली.

कार्यक्रमात काय झालं ते नंदुरबारात बऱ्याच जणांना आठवतं असं मला अनेक वर्षं वाटत होतं. पाहुणे सुरतेहून आलेले, चांगले वक्ते. पण आवाज रांजणातून आल्यासारखा. ढोबळ ढोबळ ऐकू यायचं, शब्द हाती लागत नव्हता. मागचे ओरडले, आवाज वाढवा. वाढवला तर भवन घुमायला लागलं. आमच्या एक काकू शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "हे काय बोलतायत? पंगत बसली का?" आणि दोन ओळी उठूनसुद्धा उभ्या राहिल्या. वडील व्यासपीठावर मान खाली घालून बसले होते.

मला कळलं का? कळलं. सकाळी मीच काहीतरी बिघडवलं असावं असं मनात येऊन गेलं. पण खजिनदारांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही म्हणत होता तेच खरं, काका. घरगुती मालाला मर्यादा असतात."

तिसऱ्या दिवशी पेट्या काढून न्यायला सांगितलं. भाऊ टेम्पो घेऊन आले, पेट्यांवर घरून आणलेल्या गोधड्या टाकल्या, दोरी बांधली. जाताना माझ्याकडे आले. "चूक व्हई गई, शेठ," म्हणाले. आणि मी, त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "होतं असं कधीकधी, भाऊ."

त्या दिवसानंतर ते दुकानात आले नाहीत. खुर्ची रिकामी राहिली. वडिलांनी मला तिच्यावर बस म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही.

त्याच वर्षी दिवाळीची साफसफाई करताना माझी डिप्लोमाची वही सापडली. रद्दीत टाकायच्या आधी चाळली. एका पानावर क्रॉसओव्हर. एक गुंडाळी आणि एक कंडेन्सर अशी जोडी दोन्ही बाजूंना लावली, तर ज्या ठिकाणी जाडा आवाज संपून बारीक सुरू होतो तिथे दोन तोंडं एकमेकांच्या विरुद्ध हलतात. एक पुढे येतं तेव्हा दुसरं मागे जातं आणि मधला आवाज दोघं मिळून खाऊन टाकतात. माणसाच्या बोलण्यातले शब्द नेमके त्या मधल्या आवाजात असतात. म्हणून ट्वीटरच्या तारा उलट्या जोडाव्यात. त्याखाली दोन रेघा मारलेल्या. अक्षर माझं. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

मी माळ्यावर, धुळीत बसून ते पान पुन्हा वाचलं.  मग वही बंद केली. रद्दीत टाकली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही.

पुढची पाच वर्षं मी गप्प राहिलो. याला भित्रेपणा म्हणतात, पण भित्र्या माणसाजवळही कारणं असतात. माझं कारण असं, की भाऊंना तर खरं काय ते माहीतच आहे. त्यांचा कान पक्का. घरी गेल्या गेल्या त्यांनी तारा पुन्हा उलट्या केल्या असतील, त्यांच्या पेट्या मस्त वाजत असतील आणि मला ते मनात हसत असतील. हसू देत. असं मी स्वतःला समजावायचो. बाजारात ते लांबून दिसले की मी गल्ली बदलायचो. एकदा बदलता आली नाही, तेव्हा त्यांनीच रामराम केला आणि वडिलांची तब्येत विचारली.

गेल्या वर्षी थंडीत विसरवाडीकडचा गोवाल नावाचा एक माणूस बसने आला, खांद्यावर पोत्यात एक पेटी. पेटी पाहताक्षणी ओळखली, भाऊंचीच. दहा वर्षांपूर्वी त्याने ती कोरीटहून नेली होती. म्हणाला, पहिली चार-पाच वर्षं घरात माणूस बोलल्यासारखी वाजायची, आता आवाज गोधडीत शिरलाय. जुनी झाली असेल, बघा. मी स्क्रू काढले. ट्वीटरच्या टोकांवर जुन्या सोल्डरवर नवं सोल्डर. लाल तार लालला, काळी काळ्याला. सरळ.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"हेमकांतभाऊंनीच की," तो म्हणाला. "स्वतः आले होते मोटारसायकलवर. म्हणाले, माझी चूक झाली होती, फुकटात दुरुस्त करून देतो. चहा पिऊन गेले."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. भवनातून गेलेला तो माणूस मनात हसत नव्हता. त्याने माझं खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोरीटला गेलो. वडिलांना सांगून नाही. सीमाभाभी अंगणात म्हशींना चारा टाकत होत्या. दगूबाई तीन वर्षांपूर्वी गेली, हे मला तिथे कळलं. आमच्या घरातून कुणी भेटायलाही आलं नव्हतं. ज्या पडवीत भाऊ पेट्या बनवायचे तिथे ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या होत्या, आणि गोण्यांमागे तार गुंडाळायचं यंत्र, गंजलेलं. भाऊ खाटेवर बसले होते. मला पाहून उठले, "या शेठ, या," म्हणाले, पाणी मागवलं.

मी वही सोबत नेली होती. पान उघडून समोर धरलं आणि जेवढं बोलता आलं तेवढं बोललो. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं, आकृतीवर थांबले. मग म्हणाले, "म्हंजे, उलटीच बराबर व्हती?"

"हो."

"पुस्तकमा बी तशेच शे?"

"तसंच आहे, भाऊ. तुमचंच बरोबर होतं. मी चुकलो."

ते माझ्याकडे नाही, आकृतीकडेच बघत होते. "तारा सरळ करी दिन्यात ना शेठ, आनि घर ईसन आयकं, ते आवाजमा खड्डा पडे. माले आयकू येत व्हता तो खड्डा. मी म्हनं, शेठ शिकेल शेतस, त्या कसा चुकतीन? मन्हा कानच बिघडना." मग त्यांनी सांगितलं. एकतीस पेट्या त्यांनी आयुष्यात बनवून लोकांना दिल्या होत्या. आपण एकतीस घरं फसवली असं त्यांना वाटलं. चुकीचा माल घरोघर. पाच महिने लागले, प्रत्येक घरी जाऊन, माफी मागून, तारा सरळ केल्या. एकही सोडली नाही. आणि मग यंत्र गोण्यांमागे ठेवून दिलं, बिघडलेल्या कानाच्या माणसाने हे काम करू नये म्हणून.

"मायनी सांगं व्हतं," ते म्हणाले. "शेवटली पेटी आयकीसन म्हने, हेमकांत, हाई मी नही. मी तिले म्हनं, तू चूप ऱ्हाय, तुले काय समजस."

 मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले, संकोचाने. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते मी त्या पडवीत भोगलं. तेवढ्यात मागून सीमाभाभींचा आवाज आला. चाऱ्याची टोपली तशीच हातात होती.

"शेठ, तठे पन्नास लोकेसनासमोर बोलनात, आनि आठे म्हशीसनासमोर माफी मांगतस?"

भाऊ म्हणाले, "सीमा, ऱ्हाऊ दे." त्या म्हणाल्या, "नही ऱ्हाऊ देवाव."

त्यांचं खरं होतं. मार्चमध्ये भवनात समाजाचं वार्षिक संमेलन झालं, तेव्हा मी माइक मागून घेतला. वडील पहिल्या ओळीत. सगळं सांगितलं. तार, वही, मार्क, पंख्याची आणि गॅसची ती हलकट कोटी, खजिनदारांशी बोललेलं खोटं, एकतीस घरं.  भाऊंना बोलावलं होतं, ते पाण्याची पाळी आहे म्हणून आले नाहीत. सीमाभाभी आल्या होत्या, बायकांत अगदी मागे.

लोकांनी शांतपणे ऐकलं. मग टाळ्या वाजल्या, जशा सगळ्यांसाठी वाजतात. खाली उतरलो तर एकाने विचारलं, "कोण हेमकांत? तो बँडवाला का?" दुसरा म्हणाला, "बोललास छान, पण ते उलटं-सुलटं काही कळलं नाही बुवा." खजिनदार आता थकलेत, त्यांना पेट्या बदलल्याचंच आठवेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि घरचा मिक्सर बघायला कधी येतोस विचारलं. वडील माझ्याशी बोलले नाहीत, गाडीतही नाही. सीमाभाभी जेवायला थांबल्या नाहीत. दारात मला एवढंच म्हणाल्या, "कोनलेच याद नही, शेठ."

सहा वर्षं ज्या पन्नास माणसांना मी घाबरलो होतो, त्यांनी ती गोष्ट त्याच आठवड्यात विसरून टाकली होती. फक्त एका माणसाने ती मनावर घेतली होती.

तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद ठेवून मी कोरीटला जातो. भाऊ माझ्या गाडीवर मागे बसतात आणि आम्ही एकेका घरी जातो. गोवालकडे सगळ्यांत आधी गेलो. प्रत्येक घरी आधी मी सांगतो, की चूक भाऊंची नव्हती, माझी होती. लोक ऐकून घेतात, पाणी देतात. मग भाऊ पेटी उघडतात, सोल्डर वितळवतात, तारा उलट्या करतात. हात अजून तसाच, सुईसारखा. आतापर्यंत एकोणीस घरं झाली. काही पेट्या विकल्या गेल्यात, एकीत कोंबडी अंडी घालते.

गेल्या रविवारी तापीकाठच्या एका गावी करणसिंगांकडे गेलो होतो. त्यांच्याकडची पेटी मोठी, भाऊंच्या चांगल्या दिवसांतली. तारा बदलल्या, करणसिंगांच्या फोनवरचं कुणाचं तरी बोलणं लावलं आणि ओसरीवरची माणसं बोलायची थांबली. खड्डा भरला होता. शब्द न् शब्द समोर. करणसिंगांच्या घरातल्या बायका स्वयंपाकघरातून कोण आलंय ते बघायला बाहेर आल्या. मला एवढं बरं वाटलं की मी भाऊंकडे पाहिलं, म्हटलं आता तरी या माणसाच्या तोंडावर काहीतरी दिसेल.

ते माझ्याकडेच बघत होते. प्रत्येक घरी बघतात तसे. पेटीकडे नाही.

"बराबर शे ना, शेठ?"

मी म्हणालो, "भाऊ, मला नका विचारू. तुम्ही सांगा. तुम्हाला काय ऐकू येतंय?"

त्यांनी एकदा पेटीकडे मान वळवली, क्षणभर ऐकल्यासारखं केलं आणि मग हातातली कैची रुमालात गुंडाळत हसले, संकोचाने.

"माले काय समजस, शेठ," ते म्हणाले. "तुम्हीन सांगा."

सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. मी खाली बघून म्हणालो, "बरोबर आहे, भाऊ." ते खूश झाले.